जीनच्या हातचं

नदीकाठच्या फिरायच्या वाटेवर गेल्या आठवड्यात कठडा दुरुस्त करत होते. दोन माणसं, एक छोटा जनरेटर, काळ्या काचेचा मुखवटा. मी रोजच्यासारखा सकाळच्या उन्हात सावकाश चाललो होतो आणि वाऱ्याबरोबर तो वास आला. तापलेलं पोलाद आणि त्याच्यावर जळणारा जुना रंग. कडवट, किंचित गोडसर, घशाच्या मागे जाऊन बसणारा. मी होतो तिथंच उभा राहिलो. धावत चाललेली एक मुलगी थांबली. "सर, आर यू ओके?" मी मान हलवली, आणि ती गेली.

जर्सी सिटीच्या या काठावर आता काचेच्या इमारती आहेत. त्यातल्या एकीत एकोणिसाव्या मजल्यावर मी आणि सुधा राहतो. मुलगी मानसी जवळच आहे, म्हणून आम्ही मोठं घर विकून इथं आलो. तिला वाटतं बाबांना नदीचा व्ह्यू आवडतो. नदीच्या ज्या वळणाकडे मी खिडकीतून बघत नाही, तिथं एकेकाळी जहाजं तोडायचं यार्ड होतं. आता तिथं बाक आहेत, कॉफीची गाडी आहे, गवताच्या कुंड्या आहेत. त्या यार्डात मी एक उन्हाळा काम केलं, त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली.

मी चोवीस वर्षांचा होतो. मिरजेहून येऊन वर्षही झालं नव्हतं, मास्टर्स चालू होतं. माझं काम सोपं होतं. जहाजाचे जुने नकाशे बघायचे आणि कुठं कापायचं ते खडूनं आखायचं. मी पांढरी रेघ ओढायची आणि मागून कार्लनं त्या रेघेवरून गॅसची निळी ज्योत न्यायची. कार्ल म्हणजे आमचा मुख्य कटर, दाराएवढा रुंद माणूस, दिवसाला दहा शब्द बोलणारा. रेघ जिथं जाईल तिथं ज्योत जायची. पोलाद आधी लाल, मग पिवळं, मग पाण्यासारखं होऊन ठिणग्यांनी खाली गळायचं. संध्याकाळी शर्ट झटकला की खडूची आणि गंजाची मिळून एक गुलाबी पूड उडायची.

वडिलांना मी लिहिलं होतं, "नेव्हीच्या जहाजावर इंजिनिअर म्हणून काम करतो आहे." त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. जहाज नेव्हीचं होतं, मी इंजिनिअर होतो, काम करत होतो. ते जहाज आम्ही तोडतोय, एवढंच लिहिलं नाही. वडील शाळामास्तर. त्यांनी ते वाक्य शाळेत, देवळात, वाण्याच्या दुकानात सांगितलं. माझ्या खोटेपणाची सुरुवात अशी झाली, आणि ती मला तेव्हा फार सभ्य वाटली होती.

ती नौका आली तेव्हा मे महिना संपत होता. दोन टगबोटी तिला ओढत आणत होत्या. एवढं मोठं जहाज आणि त्याचा स्वतःचा काहीच आवाज नाही, हे बघून यार्डातले लोक हातातलं काम थांबवून उभे राहिले. तिचं नाव मागच्या बाजूला राखाडी रंगाखालून अजून वाचता येत होतं. ते मी इथं लिहीत नाही. नाव घ्यायचा हक्क मी घालवला आहे असं मला वाटतं. दुसऱ्या महायुद्धाच्या घाईत एका मालवाहू जहाजाच्या सांगाड्यावर लाकडी धावपट्टी बसवून तिला विमानवाहू नौका केलं होतं. मोठ्या विमानवाहू नौका लढायांना जायच्या. हिच्यासारख्या लहान नौकांनी दुसऱ्या जहाजांच्या ताफ्याबरोबर चालायचं आणि त्यांना पाणबुड्यांपासून राखायचं. आमच्याकडे धनगराच्या कळपाबरोबर कुत्रं चालतं ना, तसं.

आत शिरलं की उन्हाळ्यातही गारवा असायचा. वाळलेल्या तेलाचा वास, ओल्या लाकडाचा, कुजलेल्या दोरांचा. धावपट्टीच्या खाली विमानं ठेवायचा प्रचंड हॉल होता, त्याला हँगर म्हणायचे. तिथं कबुतरं राहायला आली होती. कुठंतरी पाणी ठिबकायचं, आणि तो थेंब कुठल्या कोपऱ्यात पडतोय ते कधीच कळायचं नाही. भिंतींवर सूचना होत्या: डोकं सांभाळा, सिगारेट विझवा, हात धुवा. कोणासाठी, असा प्रश्न मला पडायचा, आणि पुढच्या क्षणी मी त्यांच्यावरून खडू ओढायचो.

जूनमधल्या एका दुपारी गेटवर एक माणूस आला. पंचेचाळिशीचा, सडपातळ, टाय घातलेला, हॅट हातात. युद्धात मी या जहाजावर होतो, म्हणाला, एकदा आत जाऊ द्याल का? फोरमनला वेळ नव्हता, त्यानं माझ्याकडे बोट केलं. मी त्या माणसाला हेल्मेट दिलं. त्यांचं नाव रॉय. पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि ते सकाळी निघून गाडी चालवत एकटेच आले होते.

फळीवरून आत पाऊल टाकलं आणि रॉय थांबले. डोळे मिटून त्यांनी श्वास घेतला.

"ब्रेडचा वास गेला," ते म्हणाले. "बाकी सगळं आहे."

पहाटे साऱ्या जहाजात ताज्या ब्रेडचा वास पसरायचा म्हणे. भट्टी खाली होती आणि हवेच्या नळ्यांतून तो वास झोपायच्या प्रत्येक बंकपर्यंत यायचा. थंडीत धावपट्टीवर बर्फ साचायचं, तेव्हा सगळे झाडू घेऊन वर जायचे, स्वयंपाकी, कारकून, सगळे. नौका इतकी हलायची की झाडलेलं बर्फ परत पायाशी यायचं. सकाळी विमानं उडाली की डेकवरची पोरं आकडा मनात धरायची, आणि परत येताना मोठ्यानं मोजायची. एक. दोन. तीन. शेवटच्या आकड्याला आवाज बारीक व्हायचा. एखाद्या दिवशी मोजणं मध्येच थांबायचं आणि तरी कोणी जागचं हलायचं नाही, उजेड जाईपर्यंत. युद्ध संपल्यावर याच हँगरमध्ये ओळीनं बंक टाकून तिनं सैनिकांना घरी आणलं. नंतर काही वर्षं विमानांची नुसती ने-आण केली. मग एका नदीत तिच्यासारख्याच नौकांच्या रांगेत तिला बांधून ठेवलं. "मी एकदा मुलीला घेऊन दुरून बघायला गेलो होतो," रॉय म्हणाले. "ती म्हणाली, डॅड, सगळ्या सारख्याच दिसतात. मी म्हटलं, नाही, ती आपली."

हँगरच्या टोकाला विमानं वर न्यायची लिफ्ट होती. तिच्या मागं, माणूस जेमतेम शिरेल अशा सांदीत ते मला घेऊन गेले. मी टॉर्च धरला. पोलादी भिंतीवर, छातीच्या उंचीला, टोकदार पंच ठोकून ठिपक्याठिपक्यांनी काढलेली अक्षरं होती. वर जीन, खाली रॉय. इंग्रजी अक्षरं, बोटभर उंचीची, सगळी डावीकडे कललेली.

"जीन डावखुरा होता," रॉय म्हणाले. "ड्यूटीची वाट बघत इथं बसायचो आम्ही. त्यानं आठवडाभर खपून काढली. माझं नावही त्यानंच काढलं, माझं अक्षर घाण आहे म्हणाला."

मी विचारलं नाही, तरी ते बोलले. "एका सकाळी तो डेकवर माझ्या शेजारी होता. मग नव्हता. समुद्र फार होता त्या दिवशी." त्यांनी हॅट एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "त्याच्या आईकडे पत्रं होती, ती तिच्याबरोबर गेली. जीनच्या हातचं आता एवढंच आहे."

मग त्यांनी विचारलं, हा तुकडा मला मिळेल का? आणि मी, चोवीस वर्षांचा, हातात खडू असलेला, लगेच म्हणालो, "मी काढून ठेवतो. शब्द देतो." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी बायकोला घेऊन येतो म्हणाले.

मी खडूनं त्या अक्षरांभोवती एक चौकोन काढला. कार्लला सांगायचं होतं. त्या बाजूला यायला अजून दोन महिने होते, मग सांगू. जुलै गेला. ऑगस्टमध्ये काम त्या टोकाकडे सरकलं. शुक्रवारी सांगू, असं मी मंगळवारी ठरवलं.

गुरुवारी क्वीन्समधल्या एका मराठी घरातून फोन आला. मिरजेचे एक गृहस्थ आले होते आणि त्यांच्याबरोबर आईनं पार्सल पाठवलं होतं. शुक्रवारी मी रजा घेतली आणि गेलो. त्या घरातल्या काकूंनी डबा उघडला आणि मेतकुटाचा वास आला. वर्षभरात पहिल्यांदा. त्यांनी मऊ भात टाकला, वर तूप, आईचं मेतकूट, बाजूला लिंबाचं लोणचं. मी तीन वेळा भात घेतला. पार्सलात वडिलांचं पत्र होतं: तू नेव्हीत आहेस हे ऐकून हेडमास्तरांनी शाळेत टाळ्या वाजवायला लावल्या. ते गृहस्थ मिरजेच्या गोष्टी सांगत होते, कोणाचं लग्न झालं, कुठली विहीर आटली. "आजच्या दिवस राहा रे," काकू म्हणाल्या. शनिवारीही यार्ड अर्धा दिवस चालू असायचं. मी राहिलो. इतकं सुख मला या देशात तोवर मिळालं नव्हतं, आणि त्या दोन दिवसांत मला त्या भिंतीची एकदाही आठवण झाली नाही.

सोमवारी मी हँगरमध्ये शिरलो आणि समोर नदी दिसली. जिथं लिफ्टमागची भिंत होती तिथं सकाळचं ऊन होतं, पाणी होतं, पलीकडचा काठ होता. कबुतरं गेली होती. मी कार्लकडे पळालो.

"चौकोन होता तिथं. खडूचा. बघितला नाहीस?"

"कापण्याआधी आम्ही भिंतीच्या मागच्या बाजूला पाणी मारतो," कार्ल म्हणाला. "आग लागू नये म्हणून." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यानं विचारलं, "काय होतं तिथं?"

भिंतीचे तुकडे शनिवारीच रेल्वेच्या वाघिणींतून भट्टीकडे गेले होते.

माझ्याकडे अजून पाच दिवस होते. रॉयचा पत्ता होता. मी तीनदा पत्र लिहायला बसलो आणि तीनदा "डिअर रॉय" लिहून उठलो. अमुक झालं म्हणून तुकडा गेला, एवढं एक वाक्य होतं. ते मी लिहिलं नाही.

शनिवारी गेटवरच्या माणसानं हाक मारली, तुझे पाहुणे आले. मी लांबून बघितलं. रॉय, कोट घातलेले. त्यांची बायको, निळा ड्रेस, केस नीट बसवलेले. तिच्या हातात दुमडलेला पांढरा टॉवेल होता, तुकडा गुंडाळून न्यायला. मी त्यांना हात केला, "वीस मिनिटं," असं ओरडलो, आणि यार्डाच्या वर्कशॉपमध्ये गेलो.

भंगारातून एक पत्रा उचलला. कुठल्या जहाजाचा होता, माहीत नाही. व्हाइसमध्ये आवळून धरला. सेंटर पंच आणि हातोडी घेतली आणि ठोकायला लागलो. जीन. रॉय. डोकं थंड होतं. मी अक्षरं मुद्दाम डावीकडे कलवली. ठिपक्यांत जळकं तेल भरलं, वर काजळी चोळली, कडा गॅसनं वितळवल्या. मागं कार्ल येऊन उभा होता. त्याला सगळं समजलं होतं.

"नको करूस," तो म्हणाला.

एवढंच म्हणाला. मी पत्रा फडक्यानं पुसला आणि त्याच्या बाजूनं बाहेर गेलो.

रॉयनी तुकडा दोन्ही हातांवर घेतला. अक्षरांवरून बोट फिरवलं. मग बायकोला म्हणाले, "बघ. डावीकडे कललेली. सांगितलं होतं ना?" ते रडले. भर उन्हात, टाय घातलेला माणूस, खांदे हलवत. त्यांच्या बायकोनं मला मिठी मारली. तिच्या पावडरीचा वास माझ्या शर्टाला राहिला आणि मी तो शर्ट पुन्हा घातला नाही.

पुढं नोकरी लागली. आयुष्यभर मी पूल तपासले. पोलादाला तडा आहे का बघायचं आणि खाली सही करायची. माझी सही कधी चुकली नाही, लोक तसं म्हणायचे. मिरजेला जाऊन लग्न केलं, सुधा आली. मी तिला रॉयची गोष्ट सांगितली, पहिली अर्धी. दर डिसेंबरात रॉयचं कार्ड यायचं. मुलीचं लग्न, नातवाचा फोटो, बायको गेल्याची बातमी, आणि खाली न चुकता एक ओळ: जीन खिडकीत आहे, मजेत आहे. सुधा ती कार्डं फ्रिजवर लावायची. दिवाळीला त्यांना पत्र लिहायची, आमच्या दोघांच्या नावानं. घरी कोणी जेवायला आलं की म्हणायची, "यांनी ना, एका सोल्जरला त्याच्या मित्राची आठवण काढून दिली होती जहाजातून." पाहुणे माझ्याकडे आदरानं बघायचे. मी वाटीतली आमटी ढवळत बसायचो.

या वर्षी मार्चमध्ये फोन आला. रॉयची मुलगी, पॅट. सुधानं स्पीकरवर घेतला. डॅड आता केअर होममध्ये आहेत, शंभरीला टेकलेत, पण डोकं लख्ख आहे. तो तुकडा त्यांना एका म्युझियमला द्यायचाय. म्युझियमवाल्यांना एक पत्र हवंय, हा तुकडा त्याच जहाजाचा असल्याचं. "आता तुमच्याशिवाय कोण सांगणार?" पॅट म्हणाली.

"ऑफ कोर्स! ते आजच लिहितील," सुधा म्हणाली.

मी लिहिलं नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. सुधा रोज आठवण करायची. "अहो, दोन ओळी तर लिहायच्यात. तुम्ही आयुष्यभर रिपोर्ट लिहिलेत. मानसीला सांगू का टाइप करायला?"

एके सकाळी ती भाजी निवडत होती. मी समोर बसलो आणि तिला उरलेली अर्धी गोष्ट सांगितली. ती ऐकत होती. मेथीची पानं खुडत राहिली, मग देठ आणि पानं एकाच ढिगात पडायला लागली आणि ते तिच्या लक्षात आलं नाही.

"मी त्यांना चाळीस-पन्नास पत्रं लिहिली," ती शेवटी म्हणाली. "बायको गेली तेव्हा लिहिलं, जीन तुमच्यासोबत आहे. मी लिहिलं ते."

"माहीत आहे."

"तुम्ही खाली सही केलीत."

ती उठली, पाठमोरी उभी राहून हात धुतले. "पत्र नंतर," ती म्हणाली. "आधी जाऊन सांगा त्यांना. मी येते. तुम्हाला सोबत म्हणून नाही येत. मलाही त्यांना तोंड दाखवायचंय."

एप्रिलमध्ये आम्ही मानसीची गाडी घेऊन गेलो. डोंगरांत झाडांना नुकती पालवी फुटत होती.

केअर होमच्या काचेच्या व्हरांड्यात दहा-बारा म्हातारी माणसं उन्हाला बसली होती. रॉय खिडकीशी होते, व्हीलचेअरमध्ये, गुडघ्यांवर चौकड्यांचं पांघरूण. इतके लहान झालेले. मांडीवर तो तुकडा. पन्नास वर्षं हात फिरून अक्षरांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या, पोलाद चांदीसारखं चमकत होतं. पॅट शेजारी उभी होती, पांढऱ्या केसांची, हसतमुख. रॉयनी मला बघून दोन्ही हात वर केले. "माझा इंजिनिअर!" ते म्हणाले. सुधाचा हात त्यांनी कपाळाला लावला.

मी खुर्ची ओढून बसलो आणि सांगायला लागलो. त्यांनी कानामागं हात धरला.

"जोरात बोला," पॅट म्हणाली. "डॅडना ऐकू येत नाही."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली, नाही. "लाउडर, सन."

"हा तो तुकडा नाही!" मी ओरडलो. "हा खोटा आहे! मी केला! माझ्या हातानं!"

व्हरांड्यातल्या सगळ्या माना वळल्या. एका बाईनं विणकाम खाली ठेवलं. नर्स दारात थांबली. पॅटच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, कारण ते काढायला तिला वेळच मिळाला नव्हता. मी ओरडून ओरडून सगळं सांगितलं. खडू, पाणी, शनिवार, वाघिणी. मेतकुटाचं कसं सांगणार? म्हणालो, मी जेवायला गेलो होतो. ते खरंच होतं.

रॉयनी कानामागचा हात खाली घेतला. मग विचारलं, "कोणत्या हातानं?"

"उजव्या."

त्यांनी तुकड्याकडे बघितलं. बोट अक्षरांच्या वर नेलं आणि टेकवलं नाही.

"पोलाद तरी तिचं होतं?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "नसावं."

"डॅड," पॅट म्हणाली. त्यांनी हातानं तिला थांबवलं.

"खरी कशी होती?" त्यांनी विचारलं. "तू टॉर्च धरला होतास. तू बघितलीस. जीनची कशी होती?"

मी डोळे मिटले. ती सांदी आठवली, गारवा आठवला, टॉर्चचा पिवळा गोल आठवला. त्या गोलात अक्षरं आली. ती माझी होती. व्हाइसमध्ये धरलेली, काजळी चोळलेली. मी पुन्हा पुन्हा त्या भिंतीकडे गेलो आणि प्रत्येक वेळी तिथं माझंच अक्षर होतं.

"मला आठवत नाहीत," मी म्हणालो. या वेळी ओरडलो नाही, पण त्यांना ऐकू आलं.

"मलाही," रॉय म्हणाले. "मला हीच आठवतात."

पॅट खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते, तिच्या वडिलांचे त्या दिवशी हलले होते तसे. माझ्या हातून एक वस्तू हरवली, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. मी जीनचा हातच त्यांच्या डोक्यातून पुसून टाकला होता, आणि तिथं माझा ठेवला होता. हे मला त्या व्हरांड्यात बसल्यावर कळलं.

पत्र मी घरी येऊन लिहिलं. हा तुकडा त्या जहाजाचा नाही, अशा चार ओळी, खाली सही. पॅटकडून उत्तर आलं नाही. तुकड्याचं त्यांनी काय केलं हे विचारायचा मला अधिकार नाही. सुधा आता माझ्याशी पूर्वीसारखी बोलते, फक्त पाहुण्यांसमोर ती गोष्ट सांगत नाही. कोणी विषय काढला तर माझ्याकडे बघते आणि मी सांगतो, सगळी. लोक मग लवकर उठतात.

पण गेल्या आठवड्यात तो जळक्या रंगाचा वास आला तेव्हा मला त्या व्हरांड्यानंतरचं आठवलं. जेवणाची घंटा झाली होती. मी निघायला उठलो होतो, शब्द शोधत होतो, आणि रॉय पॅटला म्हणाले, "यांच्यासाठी दोन ताटं मांडायला सांग. जर्सीहून आलेत. जेवल्याशिवाय कसे जातील?"

"डॅड, प्लीज."

"नर्सला सांग."

आम्ही त्यांच्या टेबलावर बसलो. पॅट बसली नाही. उकडलेलं चिकन होतं, वाटाणे, मॅश्ड बटाटे. सुधा चिकन खात नाही, तिनं वाटाणे घेतले. रॉयचा हात कापत होता, चमचा ताटावर वाजत होता. मी दोन घास घेतले आणि काटा खाली ठेवला.

त्यांनी ब्रेडची टोपली माझ्याकडे सरकवली.

"घे," ते म्हणाले. "लांब जायचंय तुम्हाला."

आणि मी घेतला, आणि त्यांच्यासमोर बसून खाल्ला.